'परंपरागत' या शब्दामागील माणसे : फोक-रॉक गीतांच्या जन्मकथांचा विचार

लोकगीताला कर्ता नसतो, ते समाजाच्या मुखातून आपोआप उमटते, हे मत एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रबळ होते आणि त्याचा पगडा विसाव्या शतकातील अभ्यासावरही बराच काळ राहिला. या मताची कसोटी लागली ती बाजारात. १९६० नंतरच्या दशकात अमेरिका व इंग्लंड या देशांतील तरुण गायकांनी जुनी लोकगीते विजेच्या गिटारीवर व ढोलांच्या साथीने गावयास आरंभ केला, आणि जी गीते खाणकामगारांच्या वस्तीत किंवा शेतकऱ्यांच्या घरात मुखोद्गत होती ती लक्षावधी तबकड्यांच्या रूपाने विकली जाऊ लागली. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या वर्तुळाकार कागदावर गीताच्या नावाखाली कंसात कर्त्याचे नाव छापावे लागते, कारण त्या नावाप्रमाणे पैसा वाटला जातो. ज्या गीताला कर्ता नाही त्याच्या कंसात काय छापावयाचे? बहुधा 'परंपरागत' एवढाच शब्द छापला गेला व त्यापुढे 'संयोजन' म्हणून कोणाचे तरी नाव आले. हा कंस म्हणजे इतिहासाचे एक साधन होय. ते फारच थोडक्या जागेत लिहिलेले असल्यामुळे त्यातून काय गळले याचा शोध घ्यावा लागतो.

'फोक-रॉक' हा शब्द अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने जून १९६५ मध्ये प्रचारात आणला. त्यावेळी 'द बर्ड्स' या वाद्यवृंदाने गायिलेले बॉब डिलन यांचे 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन' हे गीत गाजत होते. नाव नवे असले तरी ज्या प्रकाराला ते दिले गेले तो प्रकार वर्षभर आधीच अवतरला होता, असे अनेक समीक्षक मानतात. त्याचा उल्लेख पुढे येईलच. या गीतांबरोबर त्यांच्या जन्माच्या कथाही पसरल्या. गायकांच्या मुलाखती, तबकडीच्या वेष्टनावरील मजकूर, प्रवाशांसाठी छापलेल्या मार्गदर्शिका, आणि पुढे गायकांची आत्मचरित्रे, यांतून त्या कथा वाढत गेल्या. गीत कसे सुचले हे सांगणारी कथा ऐकणाऱ्याला नेहमीच गोड वाटते. म्हणूनच तिचा पुरावा मागण्याची आठवण कोणाला होत नाही.

पॉल सायमन यांच्या 'द साउंड ऑफ सायलेन्स' या गीताचे उदाहरण घेता येईल. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या नोव्हेंबर १९६३ मधील हत्येच्या धक्क्यातून हे गीत जन्मले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. स्वतः सायमन यांनी मात्र त्याचे मूळ तारुण्यातील एकाकीपणात असल्याचे सांगितले आहे. हत्येची तारीख आणि गीतरचनेचा काळ जवळजवळ आल्यामुळे लोकांनीच दोहोंची सांगड घातली. याउलट या गीताला फोक-रॉकचे रूप कसे मिळाले याची नोंद तारखेसह उपलब्ध आहे. सायमन आणि गार्फंकेल यांनी मार्च १९६४ मध्ये ते केवळ गिटारच्या साथीने ध्वनिमुद्रित केले होते व त्या वर्षी निघालेली त्यांची तबकडी पडली. १५ जून १९६५ रोजी निर्माते टॉम विल्सन यांनी, डिलन यांच्या ध्वनिमुद्रणासाठी जमलेल्या वादकांपैकी काहींना थांबवून घेऊन, त्या जुन्या ध्वनिमुद्रणावर विजेची गिटार, बास व ढोल चढविले. दोघाही गायकांना याची वार्ता नव्हती. जानेवारी १९६६ च्या आरंभी ते गीत अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिले आले. म्हणजे प्रेरणेची कथा गायकाची आणि रूप निर्मात्याचे, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या गोष्टीची चर्चा पहिलीच्या मानाने फारच कमी होते.

ज्या गीतावरून 'परंपरागत' या शब्दाचा व्यवहार सर्वांत स्पष्ट दिसतो ते 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे होय. न्यू ऑर्लिन्स शहरात 'उगवता सूर्य' या नावाचे एक घर आहे, त्या घराने बोलणाऱ्याच्या आयुष्याची माती केली, आणि आपल्या धाकट्या भावंडाने तरी तिकडे फिरकू नये, असा त्याचा आशय आहे. ॲलन लोमॅक्स हे त्यावेळी अवघ्या बावीस वर्षांचे संकलक अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वतीने १९३७ च्या शरद् ऋतूत केंटकी राज्याच्या डोंगराळ पूर्व भागात हिंडत होते. पत्नी एलिझाबेथ बरोबर होत्या आणि मोटारीत तबकडी कोरणारे जड यंत्र होते. १५ सप्टेंबर १९३७ रोजी मिडल्सबरो या कोळशाच्या खाणींच्या गावी जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांच्यापुढे हे गीत गायिले. ती एका खाणकामगाराची मुलगी होती. गीताचे नाव त्यांनी 'रायझिंग सन ब्लूज' असे नोंदविले. पुढच्याच महिन्यात केंटकीतच बर्ट मार्टिन या गायकाकडून त्यांना त्याच गीताची आणखी काही कडवी मिळाली. १९४१ साली लोमॅक्स पितापुत्रांनी प्रसिद्ध केलेल्या 'अवर सिंगिंग कंट्री' या संग्रहात दोहोंची जुळणी करून गीत छापले गेले, आणि तेथे दोन्ही गायकांची नावे व गावे दिलेली आहेत. ही गोष्ट विसरता कामा नये. संकलकाच्या वहीत व पुस्तकात गायकाचे नाव होते; ते गळाले पुढे.

जॉर्जिया टर्नर ही या गीताची जननी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'ॲडव्हेंचर' या मासिकात रॉबर्ट विन्स्लो गॉर्डन हे जुन्या गीतांचे सदर चालवीत. त्या सदरात १९२५ साली हे गीत शब्दरूपाने आलेले आहे. १९३३ मध्ये टेनेसीचे क्लॅरेन्स ॲश्ली यांनी ग्वेन फॉस्टर या साथीदारासह त्याची तबकडी काढली, ती आज ज्ञात असलेल्या ध्वनिमुद्रणांत सर्वांत जुनी होय. आपण हे गीत आजोबांकडून शिकलो असे ॲश्ली सांगत. तेव्हा गीत आधीपासून फिरत होते यात संशय नाही. परंतु त्याची अनेक रूपे फिरत असताना जे एक रूप पुढे जगभर गेले त्याची वाट मात्र पाऊलखुणांनिशी दाखविता येते, आणि ती वाट मिडल्सबरोच्या त्या मुलीपाशी येऊन पोचते.

ही वाट अशी आहे. टर्नरच्या ध्वनिमुद्रणावरून टेक्सासच्या गायिका व संकलक हॅली वुड यांनी गीत उचलले. वुड यांच्या तबकडीवरून १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील गायक डेव्ह व्हॅन रॉंक यांनी ते घेतले. व्हॅन रॉंक यांनी त्यातील स्वरसंघ बदलले आणि खर्जाचा स्वर अर्ध्याअर्ध्या पायरीने खाली उतरत जाईल अशी साथ बसविली. गीताला आज जी काळोखी गंभीरता आहे ती पुष्कळशी या उतरत्या खर्जाची देणगी होय. नोव्हेंबर १९६१ मध्ये डिलन यांनी आपल्या पहिल्या तबकडीसाठी नेमकी हीच रचना गायिली. व्हॅन रॉंक यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, डिलन यांनी परवानगी विचारली ती ध्वनिमुद्रण होऊन गेल्यावर, आणि व्हॅन रॉंक स्वतः ते गीत मुद्रित करण्याच्या बेतात होते. मार्च १९६२ मध्ये तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावरील मजकुरात व्हॅन रॉंक यांचे ऋण मान्य केलेले आहे. परंतु वेष्टनावरील मजकुराने कोणाला पैसा मिळत नाही. त्यानंतर व्हॅन रॉंक गाऊ लागले की श्रोते त्यांनाच डिलनचे अनुकरण करणारा समजत, म्हणून त्यांनी ते गाणे सोडले. दोन वर्षांनी डिलन यांच्यावरही हीच पाळी आली.

ती आणणारा वाद्यवृंद इंग्लंडातील न्यूकॅसल या कोळशाच्याच शहरातील होता. 'दि ॲनिमल्स' या पाच जणांच्या वृंदाने १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये निर्माते मिकी मोस्ट यांच्या देखरेखीखाली हे गीत पहिल्याच प्रयत्नात मुद्रित केले. हिल्टन व्हॅलेंटाइन यांनी डिलनचे स्वरसंघ घेऊन त्यांतील स्वर एकदम न वाजविता एकामागून एक सुटे छेडले, ॲलन प्राइस यांनी ऑर्गनची साथ दिली, आणि एरिक बर्डन यांनी पिळवटलेल्या आवाजात ते म्हटले. साडेचार मिनिटांचे गीत त्या काळच्या तबकडीला लांब होते, म्हणून अमेरिकेत त्याची कापून सुमारे तीन मिनिटांची आवृत्ती काढण्यात आली. जुलैमध्ये इंग्लंडात व सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ते खपाच्या यादीत पहिले आले. यालाच अनेकजण फोक-रॉकचे पहिले यशस्वी गीत म्हणतात. तबकडीवरील कंसात छापले होते : परंपरागत, संयोजन ॲलन प्राइस. बर्डन यांच्या सांगण्याप्रमाणे पाचही नावे मावण्याइतकी जागा नव्हती आणि वर्णानुक्रमाने 'ॲलन' हे नाव पहिले येत होते, म्हणून ते छापले. कारण काहीही असो, संयोजनाचे स्वामित्वशुल्क एकट्या प्राइस यांना मिळाले, व उरलेल्या चौघांचा रोष त्यानंतर अनेक दशके टिकला.

या भांडणाला बरीच प्रसिद्धी मिळाली. पण साखळीकडे पाहता हे भांडण तिच्या शेवटच्या एकाच कडीतील आहे. व्हॅलेंटाइन यांच्या गिटारीला डिलनचा आधार आहे, डिलनला व्हॅन रॉंकचा, व्हॅन रॉंकला वुड यांचा. जॉर्जिया टर्नर लग्नानंतर मिशिगन राज्यात राहिली, तिने मुलेबाळे वाढविली, आणि १९६९ साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती वारली. लोमॅक्स यांच्या खटपटीने तिच्या हाती उत्तर आयुष्यात काही रक्कम पडली, ती नाममात्र होती. तिची कहाणी अभ्यासकांबाहेर माहीत झाली ती पत्रकार टेड ॲंथनी यांनी या गीताचा माग काढणारे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर. यात कोणी कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. गाणाऱ्याच्या गळ्यातून गीत ज्या रूपाने निघते त्या रूपावर गाणाऱ्याचा हक्क मानावा, अशी तरतूदच त्या व्यवहारात नव्हती. मात्र त्याच गीताला नवी साथ जोडणाऱ्याचा हक्क मानण्याची तरतूद होती. ज्याला 'परंपरागत' म्हणतात ती परंपरा कंसापाशी येऊन नेमकी अशी दुभंगते.

या गीतासंबंधी दोन लहान मुद्द्यांची नोंद येथे करणे इष्ट आहे. मूळ गीत स्त्रीच्या तोंडचे होते आणि 'ॲनिमल्स'ने ते पुरुषाच्या तोंडी घातले, असे सरसकट लिहिले जाते. टर्नरचे गीत खरोखरच नाश पावलेल्या मुलीचे आहे, आणि डिलन यांनी ते पुरुषकंठाने गातानाही स्त्रीचेच ठेवले. परंतु ॲश्ली यांच्या १९३३ च्या तबकडीत बोलणारा पुरुष आहे. म्हणजे दोन्ही रूपे आधीपासून नांदत होती. दुसरा मुद्दा घराचा. न्यू ऑर्लिन्सच्या कॉन्टी रस्त्यावर १८२२ मध्ये जळालेले 'रायझिंग सन' नावाचे एक हॉटेल होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी शिकागो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ शॅनन डॉडी यांच्या नेतृत्वाखाली त्या जागेचे उत्खनन झाले, तेव्हा स्त्रियांच्या प्रसाधनाच्या कुप्या बऱ्याच सापडल्या आणि वृत्तपत्रांनी गीतातील घर सापडल्याचा डांगोरा पिटला. व्हॅन रॉंक यांना मात्र स्त्रियांच्या जुन्या तुरुंगाच्या प्रवेशद्वारावर उगवत्या सूर्याचे शिल्प असलेले छायाचित्र पाहावयास मिळाले व ते घर तुरुंगच असावे असे त्यांचे मत झाले. गीताचा सर्वांत जुना लेखी पुरावा १९२५ चा; हॉटेल त्याच्या शंभर वर्षे आधी भस्मसात झालेले. मधल्या शतकाला जोडणारा एकही दुवा नसता कुप्यांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे गीतालाच पुरावा मानून त्याला जागा शोधून देणे होय.

'स्कारबरो फेअर' या गीताची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे, आणि कंसातील प्रकार मात्र याहून एक पाऊल पुढचा. प्रियकर व प्रेयसी एकमेकांना अशक्य कामे सांगतात : शिवण न घालता सदरा शिवावयाचा, कोरड्या विहिरीत तो धुवावयाचा, सागर व किनारा यांच्या मधल्या जमिनीत पेरणी करावयाची. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड व स्कॉटलंडमधील ३०५ कथागीते संपादित केली. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाचे कथागीत या कुळाचे असून त्याचे एकपानी छापील पत्रक १६७० च्या सुमाराचे आहे. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील स्कारबरोची जत्रा त्याहूनही जुनी. तिसऱ्या हेन्रीने १२५३ मध्ये तिची सनद दिली, ती पंचेचाळीस दिवस भरे, आणि १७८८ मध्ये ती बंद पडली. गीताच्या पालुपदात चार सुगंधी वनस्पतींची नावे येतात. त्यांवरून हे गीत चौदाव्या शतकातील प्लेगच्या साथीचे असून त्या वनस्पती रोगनिवारक म्हणून योजिल्या आहेत, अशी एक कथा अलीकडे फार सांगितली जाते. सतराव्या शतकातील पत्रकात या वनस्पती नाहीत, तेथे पालुपद वेगळेच आहे. त्या आढळू लागतात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेही मुलांच्या बडबडगीतांच्या संग्रहात. तेव्हा प्लेगच्या कथेचा विचार येथेच संपतो.

आधुनिक गीताची वाट अशी. इव्हान मॅकॉल यांनी १९४७ साली मिडल्टन-इन-टीसडेल येथील मार्क अँडरसन या शिशाच्या खाणीतील निवृत्त कामगाराकडून गीत मिळविले. मॅकॉल व पेगी सीगर यांच्या १९६० च्या संग्रहात ते छापले गेले. त्या पुस्तकातून लंडनचे तरुण गायक मार्टिन कार्थी यांनी ते घेतले आणि त्याला गिटारची स्वतःची साथ रचली. १९६५ मधील त्यांच्या पहिल्या तबकडीत ती ऐकावयास मिळते. डिलन १९६२ च्या अखेरीस लंडनला आले असता कार्थींकडून त्यांनी हे गीत ऐकले, व 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' या १९६३ च्या गीतात त्याचे संस्कार उघड आहेत. डिलन यांनी निदान नवे गीत रचले. १९६५ मध्ये लंडनला असलेल्या पॉल सायमन यांनीही ते कार्थींकडूनच शिकून घेतले, आणि ऑक्टोबर १९६६ मधील तबकडीत ते आले तेव्हा गीताचे कर्ते म्हणून सायमन व गार्फंकेल यांचीच नावे होती. तेथे 'परंपरागत' हा शब्दही नव्हता.

सायमन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गीताच्या जोडीने त्यांनी आपल्याच एका आधीच्या गीतातील युद्धविरोधी शब्द दुसऱ्या सुरावटीवर विणले. व्हिएतनामच्या युद्धाच्या दिवसांत प्रेमिकांच्या कोड्याखालून ऐकू येणारा तो दुसरा आवाज ही निःसंशय नवी निर्मिती होती. 'द ग्रॅज्युएट' या १९६७ च्या चित्रपटातून ते गीत घरोघर पोचले. कार्थी यांना मात्र आपले नाव कोठेच नसल्याचा सल बराच काळ राहिला. पुढे त्यांची भूमिका मवाळ झाली. गीत परंपरेचे, ते आपल्या मालकीचे नव्हे, असे तेच म्हणू लागले. आणि ऑक्टोबर २००० मध्ये लंडनच्या रंगमंचावर सायमन यांच्या निमंत्रणावरून दोघांनी ते एकत्र गायिले. या समेटाचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते रास्तही आहे. त्या सायंकाळी मार्क अँडरसन यांना जाऊन सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

कंस प्रामाणिकपणे लिहिता येत नाही असे मात्र नव्हे. पीट सीगर यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'टर्न! टर्न! टर्न!' रचले तेव्हा शब्द बायबलातील 'उपदेशक' या पुस्तकातून घेतले. पालुपद, अखेरचे मोजके शब्द व चाल एवढेच त्यांचे. १९६५ च्या अखेरीस 'द बर्ड्स'च्या आवाजात ते अमेरिकेत पहिले आले तरी त्या मूळ ग्रंथाचा निर्देश गळला नाही. अर्थात बायबलाचे नाव सर्वांस ठाऊक होते. खाणीतील कामगाराचे तसे नव्हते.

आतापर्यंतच्या गीतांत घटना धूसर व कर्ता हरवलेला होता. कॅनडाचे गायक गॉर्डन लाइटफूट यांच्या 'द रेक ऑफ दि एडमंड फिट्झजेराल्ड' या गीताची स्थिती नेमकी उलट आहे. कर्ता ठाऊक, घटनेचा दिवस ठाऊक, आणि चौकशीचे अहवाल उपलब्ध. जन्मकथा व दस्तऐवज यांची तुलना यासाठी येथे अधिक काटेकोरपणे करता येते.

'एडमंड फिट्झजेराल्ड' ही ७२९ फूट लांबीची मालवाहू बोट १९५८ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांतील ती सर्वांत मोठी बोट होती. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी विस्कॉन्सिनमधील सुपीरियर बंदरातून लोहखनिजाच्या गोळ्यांचे सुमारे सव्वीस हजार टन ओझे घेऊन ती निघाली. १० तारखेच्या रात्री सुपीरियर सरोवरात, व्हाइटफिश उपसागराचा आसरा सुमारे सतरा मैलांवर असता, वादळात ती संकटाचा संदेश न देता बुडाली. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली यांच्यासह २९ जण गेले. एकही वाचला नाही व एकाचेही शव वर आले नाही. 'न्यूजवीक' साप्ताहिकाच्या २४ नोव्हेंबरच्या अंकातील लेख लाइटफूट यांच्या वाचनात आला. लेखात बोटीच्या नावाचे स्पेलिंगही चुकले होते, आणि मृतांचा हा अनादर होय असे त्यांना वाटले. लहानपणी ऐकलेल्या एका आयरिश शोकगीताच्या वळणाची चाल त्यांच्या मनात होती. डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे दुर्घटनेला दोन महिने होण्याच्या आत, गीत मुद्रित झाले आणि १९७६ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले.

गीतातील तपशील दस्तऐवजांशी ताडून पाहता काही फरक दिसतात. बोट क्लीव्हलंडला निघाल्याचे गीत सांगते. माल वस्तुतः डेट्रॉइटजवळच्या झग बेटावर उतरावयाचा होता. गीतात आचारी खलाशांशी दोनदा बोलतो. कोणीच वाचले नसल्यामुळे ते बोलणे कवीचे आहे हे उघड आहे. डेट्रॉइटच्या ज्या चर्चमध्ये मृतांसाठी २९ वेळा घंटा वाजविली गेली त्याच्या वास्तूला गीताने कुबट वासाची म्हटले होते. ती तशी नाही असे तेथील एका भाविकाने पुढे सांगितल्यावर लाइटफूट कार्यक्रमांत तो शब्द बदलून गाऊ लागले. हे फरक किरकोळ होत. पण एक फरक किरकोळ नव्हता.

बोटीच्या मालकोठारावरील झाकणांपैकी एक खचले व पाणी आत शिरले, असे गीतात होते. हे मुद्रित झाले तेव्हा कोणताही अधिकृत निष्कर्ष निघालेला नव्हता. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा अहवाल १९७७ मध्ये आला, व झाकणे पुरेशी घट्ट नसल्याने पाणी आत गेले असे त्याने म्हटले. महासरोवरांवरील जहाजमालकांच्या संघटनेने हा निष्कर्ष अमान्य करून बोट खडकाळ उथळावर घासली असावी असे प्रतिपादिले. १९७८ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही झाकणे कोसळल्याचेच कारण मानले, तरी त्याच्या एका सदस्याने भिन्नमत नोंदविले. हा वाद तज्ज्ञांचा राहिला. गीत मात्र घराघरांत वाजत होते. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने कारण ठरून गेले होते. झाकणे घट्ट बसविण्याचे काम ज्या खलाशांचे होते त्यांच्या कुटुंबांना ते गीत म्हणजे दरवर्षी नव्याने वाचला जाणारा आरोप होता. अहवाल कपाटात राहतात. गीताचे तसे नसते.

२०१० मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटाने, बोट एका प्रचंड लाटेने मोडली असावी व झाकणांबाबत खलाशांचा दोष नसावा, असे प्रतिपादन केले. तो माहितीपट पाहिल्यानंतर लाइटफूट यांनी आपल्या गायनात ती ओळ बदलली. झाकणाचा उल्लेख काढून तेथे केवळ अंधार पडल्याचे वर्णन आले. लाटेचा सिद्धांत सर्वमान्य झाला असे नव्हे. पण जे सिद्ध नाही त्याचा दोष मृतांवर ठेवणे त्यांना नको होते. पस्तीस वर्षे जगाच्या तोंडी बसलेली स्वतःची ओळ गायकाने अशी मागे घ्यावी, हे विरळा घडते. स्वामित्वहक्काच्या नोंदीतील व १९७६ च्या तबकडीतील शब्द त्यांनी बदलले नाहीत. यामुळे २०१० नंतरच्या कार्यक्रमांची मुद्रणे आणि मूळ तबकडी यांत पाठभेद आहे, आणि गीत उद्धृत करताना कोणत्या सालचा पाठ घेतला हे सांगणे आवश्यक ठरते.

लाइटफूट यांचे १ मे २०२३ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटच्या त्या चर्चमध्ये घंटा तीस वेळा वाजविण्यात आली.